चार वाजून एक्कावन्न मिनिटं

अकोला,
रविवार, दुपार

प्रिय शकुन,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच फडताळावर टाकशील अशी भीती वाटली, म्हणून पत्ता माझ्या घरमालकीणबाईंकडून, सिंधूकाकूंकडून, लिहून घेतला. एवढी एक लबाडी केली. फोनवर सांगायचा प्रयत्न तीनदा केला. दोनदा तू उचलला नाहीस, आणि तिसऱ्यांदा तू उचलायच्या आत मीच कापला. मेसेज लिहून पाहिला, पण मोबाईलवर लिहिलेलं पाठवल्यावरही पुसता येतं. मी पुसलं असतं, हे मला माझ्याबद्दल आता माहीत झालंय. कागदाचं तसं नसतं. एकदा पेटीत पडला की माझ्या हातात काही राहत नाही.

इथे ऊन इतकं आहे की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. खोलीत एक कॉट, एक कूलर आणि एक खिडकी. खिडकीतून समोरच्या शाळेची भिंत दिसते, आणि शाळेला सुट्ट्या आहेत. शनिवारी संध्याकाळी ऑफिसला कुलूप लागलं की सोमवारी सकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. सिंधूकाकू तेवढ्या जिन्यातून हाक मारतात, "पाणी भरलं का वो?" मी "हो काकू" म्हणते. कधी कधी दिवसभरात तोंडातून निघालेले तेवढे दोनच शब्द असतात. एका रविवारी स्वयंपाक करताना मी दोन ताटं काढली होती. दुसरं परत ठेवलं, पण ठेवायच्या आधी धुतलं. तू असतीस तर हसली असतीस. वापरलं नाही, तर धुतलं कावून, असं विचारलं असतंस.

अमरावतीच्या आपल्या खोलीची आठवण येते. तू मोर्शीहून आणलेल्या संत्र्यांच्या साली खिडकीत वाळत घालायचीस आणि सगळ्या कपड्यांना तो वास लागायचा. निघताना मी कुलूप तीनदा ओढून पाहायची. तू जिन्यात उभी राहून ओरडायचीस, "माया, कुलूपच हाय ते, पळून नाही जात! चाल न वो, साहेब हजेरीवही मांडून बसले असतीन." आणि मग ऑफिसात सगळ्यांसमोर माझी नक्कल. मला राग यायचा नाही. घरी माझ्या धास्तीला कोणी हसलंच नव्हतं. तुला ते विचित्र वाटायचं, म्हणून आज सांगते. आमच्या घरात पहिलं अक्षर मी लिहिलं. बाबा बुधाजी आणि आई जाईबाई, दोघंही अंगठ्याचे. त्यामुळे घरात आलेला प्रत्येक कागद दुसरीपासून मीच भरला. रेशनचा, बँकेचा, आत्याच्या दवाखान्याचा. चूक झाली तर ती चूक आहे हे सांगणारंसुद्धा घरात कोणी नव्हतं. मी लिहिलं की ते खरं. इतका विश्वास लहान पोरीवर टाकला की तिला रात्री झोप लागत नाही, पण हे त्यांना कुठून कळणार. आणि एकदा कोणी आपल्यावर एवढा विश्वास टाकला की आपली चूक त्यांच्यासमोर ठेवायची हिंमतही हळूहळू जाते, हे मला तरी कुठे कळलं होतं.

मी शाळेत जायच्या आधीची एक गोष्ट आई सांगते. ती आज सांगायलाच हवी, कारण पुढचं तिच्यावरच उभं आहे. दर्यापूरच्या शाळेत माझं नाव घालायला गेली तेव्हा गुरुजींनी जन्मतारीख विचारली. आईला माहीत नव्हती. गुरुजी म्हणाले, "एक जून लिहितो बाई, सगळ्यांची तेच लिहितो." आई टेबलाला धरून उभी राहिली. "एक जून कावून? माही पोरगी कापसाच्या दिवसातली हाय. तुमी ल्याहा, मी सांगतो." मग तिने सुरुवात केली. या पोरीचा बाप दसऱ्याले दीक्षाभूमीवर गेला, तिसऱ्या दिवशी वापस आला. त्याच्या आठव्या दिवशी कापसाचा पहिला वेचा लागला. वेचा चार दिवस चालला. मग एक दिवस पाऊस आला, काम बंद. दुसऱ्या दिवशी बाजार. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मले कळा लागल्या. गुरुजींनी कपाटातून त्या वर्षीचं जुनं कॅलेंडर काढलं, दसऱ्यावर बोट ठेवलं आणि आई सांगेल तसं बोट पुढे नेलं. बोट जिथे थांबलं ती माझी जन्मतारीख. वर्गातल्या एकतीस मुलांमध्ये खरी तारीख असलेली मी एकटी होते.

आता ऑफिसचं. ते दिवस तू विसरली नसशीलच, तरी मला क्रमाने लिहू दे, नाहीतर मी मध्येच पळ काढेन. पोळ्यानंतरचा आठवडा होता. सोमवार ते गुरुवार आपण दोघींनी धारणीकडच्या गावांमधल्या आणि चांदूर बाजारच्या सिकलसेल तपासणीचे अकराशे बारा निकाल भरले. कोणाला पांढरं कार्ड, कोणाला पिवळं म्हणजे वाहक, कोणाला लाल म्हणजे आजार आहे. शुक्रवारी सकाळी तू संगणक उघडलास आणि निकालांचा तक्ता रिकामा. अकराशे बाराच नाही, संस्थेचे आजवरचे सगळे एक्केचाळीस हजार निकाल गेलेले. बाहेरून एक इंजिनिअर बोलावला. त्याने रविवारची प्रत परत बसवली, त्यामुळे जुने सगळे आले, पण त्या आठवड्याचं काही नाही. रक्ताचे नमुने टाकून झाले होते आणि तपासणीचे आकडे आपण यंत्राच्या पडद्यावरून थेट संगणकात भरत होतो, त्यामुळे कागदही नव्हता. कमांड कोणाच्या लॉगिनवरून गेली ते इंजिनिअरने सांगितलं. तुझ्या. गुरुवारी दुपारी दोनदा चढलेली नावं तू काढून टाकत होतीस, हे तू स्वतःच सांगितलंस. हरिहर सर रागावले नाहीत, तेच वाईट झालं. चष्मा पुसत म्हणाले, "काही दिवस घरी राहा बेटा." तू गेलीस आणि परत आलीच नाहीस.

लोकांना परत बोलावून परत सुई टोचली. नऊशेच्या आसपास आले. दोनशे चौदा आलेच नाहीत. कोणी कामाला गाव सोडून गेले होते, कोणी म्हणाले, एकदा रक्त घेतलं अन् हरवलं, आता कशाला. खरंच होतं त्यांचं. तो दोनशे चौदाचा आकडा माझ्या डोक्यात कुलपासारखा अडकून राहिला. नोव्हेंबरमध्ये अकोल्याच्या शाखेत जागा निघाली तेव्हा मी स्वतःहून मागून घेतली. सरांना वाटलं, मैत्रीण गेली म्हणून पोरीला इथे करमत नाही.

अकोल्याची शाखा म्हणजे दोन खोल्या, मी, आणि रक्त तपासणारे ललितभाऊ. टेबलाखाली एक जुना संगणक आहे. ललितभाऊ त्यावर जेवणाचा डबा ठेवतात, कारण तो गरम राहतो आणि डबाही गरम राहतो. मार्चमध्ये माझ्या मनात आलं, कोणी वापरत नाही तर हा गरम का? विचारलं तर म्हणाले, "मी आलो तवापासून चालूच हाय. बंद केला तर अमरावतीवाले बोंबलतीन असं जुने ऑपरेटर सांगून गेले. मी तर त्याले चूलच समजतो." पडदा जोडून पाहिला. शकुन, आपल्या सर्व्हरचा लॉग दर तासाला तिथे उतरत होता. चार वर्षांपासून. संस्थेत ते कोणालाच आठवत नव्हतं. इंजिनिअरने त्या दिवशी अमरावतीच्या सर्व्हरवरची जागा भरली म्हणून तिथला लॉग पुसून टाकला आणि आता काही उरलं नाही असं सांगितलं. आणि इथे एका डब्याखाली सगळं होतं.

लॉग म्हणजे काय, ते आपण कॉलेजात पाठ केलं होतं, पण मला ते आईमुळे कळलं. तक्त्यात काहीही बदलायच्या आधी संगणक तो बदल लॉगमध्ये लिहितो. अमुक वेळेला अमुक नाव आलं, तमुक वेळेला हे पुसलं. तक्ता गेला तरी एक जुनी पक्की प्रत हाताशी असली आणि तिच्यापुढचा लॉग सलग असला, तर प्रतीवर बोट ठेवून एकेक बदल पुन्हा करत पुढे जाता येतं. दसऱ्यापासून वेच्यापर्यंत, वेच्यापासून बाजारापर्यंत. फक्त दोन अटी. मधला एकही दुवा तुटलेला नको, आणि थांबायचं कुठे ते नेमकं माहीत हवं. कारण लॉगला चूक आणि काम यातला फरक कळत नाही. जास्त पुढे गेलं तर तो ती चूकसुद्धा इमानाने पुन्हा करतो.

सरांना फोन करून मी रविवारची जुनी प्रत मागितली. म्हणाले, "करून बघ, पण चालू सर्व्हरला हात लावू नकोस." हात लावायची माझी छातीच नव्हती. एका वेगळ्या संगणकावर काम मांडलं. रविवारी रात्री अकराची प्रत, आणि तिथून गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंतच्या तासातासाच्या फाईली. नव्वद हव्या होत्या. मोजल्या तर एकोणनव्वद. मंगळवारी दुपारी बाराची नव्हती. एक नाही म्हणजे तिच्यापुढच्या त्रेपन्न असून नसल्यासारख्या. दोन दिवस मी जेवले नाही असं म्हणणार नाही, जेवले, पण काय जेवले ते आठवत नाही. मग ललितभाऊ सहज म्हणाले, "लाइन गेली की या चुलीचं घड्याळ येडं होते, मॅडम. मागं एकदा त्यानं मले दोन हजार नऊ साल दाखवलं." आतला छोटा सेल संपला होता. त्या मंगळवारी अकोल्यात वीज गेली असणार. मी सगळ्या फाईली तारखेनुसार लावल्या, आणि यादीत सर्वांत वर, इतरांपासून दूर, एक जानेवारी दोन हजार नऊची एकच फाईल बसलेली. उघडली. आत मंगळवारच्या दुपारचे निकाल. जणू कोणा गुरुजीने तिचीही तारीख एक जून लिहून टाकली होती, इतकंच. मी तिथेच रडले. ललितभाऊ डबा उचलून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मग एकेक फाईल चढवली. हल्ली मी रन दाबायच्या आधी पडद्यावर बोट ठेवून कमांडची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचते, शेवटच्या शब्दापर्यंत. ललितभाऊ विचारतात, "तुमी त्याच्याशी बोलून राहिल्या का? मंग त्याले म्हणा, माहा डबा तेवढा जास्त तापवू नको." एकोणनव्वद फाईली झाल्या. नव्वदावीला थांबायची वेळ द्यावी लागते. मी चार वाजून एक्कावन्न मिनिटं अशी दिली. तक्ता उघडला आणि, दोनदा चढलेली सोडून, त्या आठवड्याची अकराशे बारा नावं समोर आली. एकही कमी नाही. न आलेल्या दोनशे चौदांमध्ये एकोणीस पिवळी कार्डं निघाली आणि तीन लाल. लाल तिघांमधली एक सात वर्षांची मुलगी आहे, धारणीकडच्या एका पाड्यावरची. आपल्या सेविका शुक्रवारी तिच्या घरी जाऊन आल्या. हातपाय दुखतात म्हणून पोरगी शाळेत जात नव्हती. घरचे तिला आळशी म्हणायचे. आठ महिने, शकुन. तिची औषधं सुरू झाली आहेत. तिची आई म्हणाली म्हणे, "मी तिले मारत होतो वो ताई."

सरांचा फोन शुक्रवारी संध्याकाळी आला. इतके खूश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. विश्वस्तांच्या बैठकीत माझं नाव घेणार आहेत, अहवाल लिहून पाठव म्हणाले. ठेवता ठेवता थांबले. म्हणाले, "बेटा, एक विचारू का? इंजिनिअरला आपण तेव्हा विचारलं होतं, हे नेमकं किती वाजता झालं. लॉग पुसून बसल्यामुळे त्यालाही सांगता आलं नव्हतं. तू एक्कावन्न कुठून आणलंस?" मी म्हटलं, अहवालात लिहिते, सर. लॉग वाचून शोधता येतं, सर, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खरंच शोधता येतं. त्यांनी पुढे विचारलंही नसतं. पण मी शोधलं नव्हतं. मला शोधायची गरज नव्हती.

त्या गुरुवारी तू साडेतीनला निघालीस, मोर्शीची गाडी पकडायची होती. जाताना म्हणालीस, "अर्धी नावं काढली, उरलेली तेवढी तू काढ न. माह्याच संगणकावर बस, पासवर्ड कीबोर्डखाली हाय." आपल्याकडे कोण कोणाच्या लॉगिनवर बसतं ते कोणी पाहतच नव्हतं. पावणेपाचनंतर तुझा मेसेज आला, "खिडकीची जागा भेटली!!" तो अजून माझ्या फोनमध्ये आहे, वेळेसकट, चार सत्तेचाळीस. तो वाचून मी हसले आणि कामाला लागले. कमांड दोन ओळींची होती. पहिल्या ओळीत काढून टाक, दुसऱ्या ओळीत कोणती नावं ते. मी निवडताना पहिलीच ओळ निवडली, म्हणजे सगळंच काढून टाक, आणि रन दाबलं. पडद्यावर आकडा आला, एक्केचाळीस हजार. भिंतीवरच्या घड्याळात चार बावन्न झाले होते. मी खिडकी बंद केली, संगणक बंद केला आणि घरी जाऊन कुलूप तीनदा ओढून पाहिलं. शुक्रवारी सकाळी रिकामा तक्ता पाहून तू माझ्याकडे वळून विचारलंस, "माया, उरलेली नावं काल तू काढली का?" मी म्हटलं, "नाही गं, वेळच नाही मिळाला." तेवढं एकच वाक्य. त्यावर तुला वाटलं, तुझ्या हातूनच झालं असणार. परवा अमरावती ऑफिसातली प्राजक्ता इथे आली होती. म्हणाली, शकुन आता संगणकाला हात लावत नाही, मोर्शीला नोकरी चालून आली तरी गेली नाही, आपल्या हातून लोकांचं नुकसान होतं म्हणते. ते ऐकून मी लाल कार्डांची यादी बाजूला ठेवली आणि माझ्यामुळे नुकसान झालेल्यांत पहिल्यांदा तुझंही नाव धरून मोजलं. शकुन, ते तू केलं नाहीस. चार बावन्नला तू बसमध्ये खिडकीपाशी बसली होतीस. हे सगळं वेळेसकट आणि माझ्या नावासकट मी अहवालात लिहिलं, आणि अहवाल कालच पाठवला. पत्र आधी पाठवलं असतं तर तुझ्या उत्तराची वाट पाहायच्या नावाखाली मी अहवाल ठेवून दिला असता. नोकरीचं काय होईल ते माहीत नाही. आईला फोनवर सांगितलं. म्हणाली, "तिले सांगितलं का? आधी तिले सांग." म्हणून हे पत्र. उत्तर लिही असं म्हणत नाही. फक्त सर तुला फोन करतील, तो तेवढा उचल.

तुझीच म्हणायचा हक्क आठ महिन्यांपूर्वी चार बावन्नला घालवून बसलेली,
माया